डाळिंबाच्या मुळाशी जिवाणू : पुडीत जिवंत, बागेत का मरतात?

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यात बहार धरायची वेळ आली की शेणखताच्या ट्रॉलीबरोबर जिवाणू खताच्या पुड्याही घरी येतात. ॲझोटोबॅक्टर, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), स्युडोमोनास. एका बागेत त्यांनी पांढरी मुळी जोरात सुटते. बांधापलीकडच्या बागेत त्याच दुकानातल्या त्याच पुड्या पडतात आणि काहीच घडत नाही. मग ‘हे सगळं फसवं असतं’ असं ठरतं आणि पुढच्या वर्षी पुड्या येत नाहीत.

पुडीत आहे ते खत नाही, जित्राब आहे. गाय दावणीला आणली की वैरण, पाणी, सावली बघावी लागते, तसंच या जिवाणूंचंही आहे. युरिया टाकला की तो विरघळतो, त्याला खायला घालावं लागत नाही. जिवाणू टाकले की त्यांना जगवावं लागतं. सोलापूरच्या चुनखडीच्या, कमी सेंद्रिय कर्बाच्या, उन्हाने तापणाऱ्या जमिनीत हे जगवणंच सगळ्यात अवघड काम आहे.

आधी नत्राचा हिशेब

सगळ्यात मोठा गैरसमज नत्राचा आहे. ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र जमिनीत आणतो, हे खरं. पण किती?

पाच वर्षांवरच्या डाळिंबाच्या झाडाला वर्षाला ६२५ ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि २५० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. साडेचार बाय तीन मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी ७४० झाडं बसतात, म्हणजे हेक्टरी सुमारे ४६२ किलो नत्र. ॲझोटोबॅक्टरने अगदी जोमाने काम करून हेक्टरी २० किलो नत्र जमवला असं धरलं, तरी झाडाला वाट्याला येतो २७ ग्रॅम. गरजेच्या जेमतेम चार टक्के.

आणि तेवढंही फुकट होत नाही. हवेतल्या नत्राचा रेणू फोडायला प्रचंड शक्ती लागते. ती शक्ती जिवाणू साखरेतून, म्हणजे कर्बातून मिळवतो. सरकारी मानकाप्रमाणे चांगल्या ॲझोटोबॅक्टरने एक ग्रॅम साखर खाऊन किमान १० मिलिग्रॅम नत्र जमवायला हवा. किमान धरून उलटा हिशेब करा : २० किलो नत्रासाठी दोन टन साखर. पन्नास किलोची ४० पोती, एका हेक्टरला! जातिवंत वाण याच्या दीडपट-दुप्पट काम करेल, तरी वीस पोती लागतीलच. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हा आकडा डोळ्यांपुढे लगेच उभा राहतो. मुरमाड माळरानावरच्या बागेत, जिथे सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो, तिथे एवढी वैरण कुठून येणार?

म्हणून ‘जिवाणू टाकले, आता युरिया बंद’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. झाड उपाशी राहील आणि दोष जिवाणूंना लागेल.

मग फायदा नेमका कशाचा?

आपल्या जमिनीत खरा अडसर आहे तो चुन्याचा. जमिनीचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ. आपण टाकलेल्या स्फुरदाचा मोठा भाग चुन्याशी बांधला जाऊन कॅल्शियम फॉस्फेट होतो आणि मुळाला तो उचलता येत नाही. स्फुरद जमिनीत असतो, पण कुलूप लावलेल्या कणगीत. पीएसबी गटातले बॅसिलस मेगॅटेरियम, स्युडोमोनास स्ट्रायटा यांसारखे जिवाणू ग्लुकॉनिक, सायट्रिक अशी सेंद्रिय आम्लं सोडतात. त्या आम्लाने मुळाभोवतीच्या केसाएवढ्या थरात सामू उतरतो आणि बांधलेला स्फुरद थोडा थोडा सुटतो.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आम्ल आधी चुन्यावर खर्च होतं. जमिनीत मुक्त चुना दहा टक्क्यांवर असेल तर जिवाणूने सोडलेलं आम्ल स्फुरदापर्यंत पोचण्याआधीच संपतं. अशा जमिनीत पीएसबी नुसत्या मातीत टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेणखताच्या गादीत टाकली आणि मुळी त्या गादीत शिरली, तरच काम होतं. म्हणून माती परीक्षण करताना सामू आणि क्षारता यांच्याबरोबर मुक्त चुना आणि सेंद्रिय कर्ब हे दोन आकडे मुद्दाम मागून घ्या.

दुसरा फायदा लोहाचा. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतो, ती चुनखडीतली लोहाची टंचाई. स्युडोमोनास फ्लुरोसन्स लोह पकडून आणणारी द्रव्यं सोडतो. त्यातून मुळाजवळ लोह फिरतं राहायला मदत होते. शिवाय तेच लोह रोग आणणाऱ्या बुरशीच्या तोंडून काढून घेतलं जातं. एकाच कामात मुळाला मदत आणि शत्रूची उपासमार.

तिसरा फायदा मुळीचा, आणि माझ्या मते सोलापुरात सगळ्यात मोलाचा हाच. ॲझोटोबॅक्टर, स्युडोमोनास, बॅसिलस यांचे बरेच वाण मुळाजवळ ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक तयार करतात. त्याने बारीक फाटे आणि केशमुळं वाढतात. काही वाण ताणात वाढणाऱ्या इथिलीनचा कच्चा माल आधीच फोडून टाकतात, त्यामुळे पाण्याच्या ताणात मुळीची वाढ कमी खुंटते. ताण देऊन बहार धरायच्या पिकात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फाटे वाढले की तेच पाणी आणि तेच खत जास्त उचललं जातं.

मर रोगाबाबत मात्र जपून बोलायला हवं. डाळिंबाची मर प्रामुख्याने सेरॅटोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे येते, आणि सूत्रकृमी मुळांना गाठी करून तिला वाट मोकळी करून देतात. निरोगी मुळावर चांगल्या जिवाणूंनी आधीच वस्ती केली तर बुरशीला जागा कमी मिळते. पण एका फांदीची पानं पिवळी पडून झाड मलूल झालं, की आतल्या नळ्या बंद झालेल्या असतात. त्या झाडाला जिवाणूंची आळवणी करून काही उपयोग नाही. औषध द्यायचं ते शिफारशीप्रमाणे त्या झाडाला आणि भोवतालच्या झाडांना.

पुडी घेताना

रायझोबियम डाळिंबासाठी घेऊ नका, तो डाळवर्गीय पिकांच्या मुळावर गाठी करतो. ओळींमध्ये ताग किंवा मूग पेरणार असाल तर त्या बियाण्याला चोळा. ॲझोस्पिरिलमचं गवतवर्गीय मुळांशी जास्त जमतं. आपल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत ॲझोटोबॅक्टरच बरा. ट्रायकोडर्मा उपयोगी आहे, पण ती बुरशी आहे, जिवाणू नव्हे. तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

२००६ पासून जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशात आली आहेत. पावडरमध्ये ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. लेबलवर जिवाणूचं नाव, ही संख्या, उत्पादनाची आणि वापराची शेवटची तारीख नसेल तर पुडी परत करा. लिग्नाइटच्या (कोळशाच्या भुकटीच्या) पुडीत ओल ३० ते ४० टक्के असते. हातात घेतल्यावर ओलसर मातीसारखी लागली पाहिजे. धुळीसारखी उडत असेल तर बहुतेक जिवाणू सुकून मेलेले आहेत. स्युडोमोनास आणि बॅसिलस सबटिलिस बऱ्याचदा रोगनाशक म्हणून टाल्कच्या पांढऱ्या भुकटीत मिळतात, तिथे मात्र भुकटी कोरडीच असते. त्यातही बॅसिलस कठीण कवचाचे बीजाणू करून दिवस काढतो. स्युडोमोनासला ते जमत नाही, म्हणून त्याची तारीख जास्त काटेकोरपणे पाहा.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. पुडी दुपारी मोटरसायकलच्या डिकीत ठेवून आणली तर घरी पोचेपर्यंत निम्मं काम संपलेलं असतं. सकाळी आणा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, घरात थंड कोपऱ्यात ठेवा. कीटकनाशकांच्या खोलीत नको.

शेणखतात वाढवणं

झाडाला २० ग्रॅम पावडर मिळाली, तर त्यात १०० कोटी जिवाणू झाले. ऐकायला फार वाटतात. पण झाडाच्या आळ्यातली २०० किलो माती धरली आणि ग्रॅमला १० कोटी मूळचे जिवाणू धरले, तर तिथे आधीच २० लाख कोटी रहिवासी आहेत. म्हणजे नवा एक तर जुने वीस हजार. पुडी नुसती आळ्यात भिरकावली तर नवे जिवाणू त्या गर्दीत उपासमारीने संपतात. त्यांना आधी शेणखतात पोसायचं आणि मुळीच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवायचं.

एका एकरात साधारण ३०० झाडं. प्रत्येकाला दोन किलो संवर्धित शेणखत द्यायचं तर ६०० किलो लागेल. झाडाचं बाकीचं १५-२० किलो शेणखत नेहमीप्रमाणे साधंच. हे ६०० किलो मात्र निवडून घ्या : पूर्ण कुजलेलं, काळं, चाळलेलं, वास नसलेलं. कच्च्या शेणात अमोनिया आणि उष्णता असते, दोन्हींनी जिवाणू मरतात. साखर कारखान्याचं प्रेसमड (रसाचा गाळ) चालेल, पण ताजं नको. ताजा ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही.

सावलीत, झाडाखाली किंवा शेडमध्ये, अर्धा फुटाचा थर करा. ॲझोटोबॅक्टर, पीएसबी आणि स्युडोमोनास प्रत्येकी ६ किलो घ्या. दोन किलो काळा गूळ ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातं. थरावर थर देत ढीग दीड फुटापेक्षा उंच करू नका. उंच ढीग तापतो आणि आतली हवा कोंडते. ॲझोटोबॅक्टरला हवा लागतेच. ओल पाहायची ती मुठीने : दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून पाणी ठिबकू नये, आणि टोचल्यावर गोळा फुटावा. वर ओलं गोणपाट. दर चार-पाच दिवसांनी खाली-वर करा आणि ओल राखा. ढिगात हात घातल्यावर चटका बसला तर शेणखत कच्चं होतं असं समजा, लगेच पसरून गार करा. बारा ते पंधरा दिवसांत ढीग तयार होतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. ट्रायकोडर्मा वाढवायची असेल तर निंबोळी पेंड घालून वेगळा ढीग करा. एकत्र केल्यावर कोण कुणाला दाबतंय ते कळत नाही.

२०० लिटरच्या पिंपात गूळ घालून पुडीतले जिवाणू ‘दसपट’ करायची पद्धत आता सगळीकडे आहे. त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पिंप, काठी, पाणी, गूळ यांपैकी काहीच निर्जंतुक नसतं. पहिल्या दिवशी पिंपात तुमचा जिवाणू असतो, तिसऱ्या दिवशी आंबट किंवा कुजका वास यायला लागला की तिथे दुसऱ्याच कुणाचं राज्य असतं. करायचंच असेल तर चोवीस तासांत वापरून टाका. जीवामृत ही वेगळी गोष्ट आहे. त्यात अनेक जिवाणूंची मिश्र वस्ती मुद्दामच वाढवलेली असते, आणि जमिनीतली जीवसृष्टी जागी करायला ते चांगलं आहे. पण पीएसबीची नेमकी संख्या हवी असेल तर ती जीवामृतातून मिळेल असं धरू नका.

तेल्याचं वेळापत्रक आणि जिवाणूंची गाठ

डाळिंबात जिवाणू वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे.

तेल्या हा रोगसुद्धा जिवाणूचाच, झँथोमोनासचा. त्याला मारणाऱ्या वस्तू जिवाणूनाशकच असणार. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण), कॉपर ऑक्सिक्लोराइड, स्ट्रेप्टोसायक्लीन, पानगळीनंतर (बहारासाठी पानं पाडल्यावर) जमिनीवर मारायची ब्लीचिंग पावडर. यांपैकी एकालाही शत्रू कोण आणि आपला कोण हे कळत नाही. आणि बहार धरताना या सगळ्या गोष्टी त्याच पंधरवड्यात येतात, ज्यात आपण हौसेने जिवाणूंचं शेणखत टाकतो. सकाळी शेणखत, दुपारी ब्लीचिंग : त्या दिवशीच सगळा खर्च मातीत गेला. कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकं जिवाणूंना तितकी घातक नाहीत, ती ट्रायकोडर्माला मारतात. हा फरक लक्षात ठेवला तर कशानंतर काय द्यायचं ते ठरवणं सोपं जातं.

तेल्याची फवारणी टाळायचा सल्ला इथे मुळीच नाही. तेल्या आला तर फळच जातं. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे. फवारणी त्यांच्या शिफारशीप्रमाणेच करावी. बदलायचा आहे तो फक्त क्रम.

छाटणी, पानगळ, साधं शेणखत, पहिलं पाणी, बोर्डो आणि ब्लीचिंग हे नेहमीसारखं होऊ द्या. जिवाणूंचा ढीग पानगळीच्या दिवशी लावायला घ्या. बारा-पंधरा दिवसांनी ढीग तयार होतो, तोवर ब्लीचिंगचा क्लोरीन मातीत आणि उन्हात संपलेला असतो. तेव्हा संध्याकाळी, ओल्या जमिनीत, झाडाला दोन किलो द्या. खोडाजवळ नको. खोडाला बोर्डो पेस्ट असते, ती धुऊन तिथेच उतरते, शिवाय खोडाशी केशमुळं नसतातच. ड्रीपरच्या खाली दोन-तीन इंच माती बाजूला करा, चारही ड्रीपरखाली वाटून घाला, मातीने झाका आणि लगेच अर्धा-पाऊण तास ड्रीप चालवा. सुपर फॉस्फेट, डीएपी त्याच खड्ड्यात नको. रासायनिक खताच्या खारट द्रावणात जिवाणू सुकतात. आठवड्याचं अंतर ठेवा किंवा दुसऱ्या बाजूला द्या.

या क्रमाचा आणखी एक लाभ आहे. पानं नसलेलं झाड मुळातून फारशी साखर सोडत नाही, कारण साखर बनवणारी पानंच नसतात. पंधरा दिवसांनी पालवी फुटायला लागते आणि त्यानंतर मुळाभोवती वैरण वाढत जाते. म्हणून दुसरा डोस पालवी पक्व झाल्यावर, पानगळीनंतर ३५-४० दिवसांनी ड्रीपमधून द्यावा. ड्रीपमधून देताना द्रवरूप जिवाणू एकरी दोन लिटर पुरतात. पावडर ड्रीपमध्ये घालू नका. जिवाणू फिल्टरमधून सहज जातो, लिग्नाइट जात नाही आणि ड्रीपर तुंबतात. आधी वीस मिनिटं नुसतं पाणी, मग जिवाणू, शेवटी पंधरा मिनिटं पुन्हा साधं पाणी. लॅटरल (ड्रीपच्या नळ्या) साफ करायला आम्ल किंवा क्लोरीन सोडलं असेल तर चार-पाच दिवस थांबा.

फुलोऱ्यात कॉपरची फवारणी येणारच. तेव्हा बुंध्याभोवती उसाचं पाचट अंथरलेलं असेल तर पानांवरून गळणारं औषध बरंचसं पाचटावर अडतं. उन्हाळ्यात तेच पाचट माती गार ठेवतं, ओल धरतं आणि कुजताना जिवाणूंना वैरण देतं. तीन-चार इंचांचा थर पुरे. पाचट मातीत मिसळू नका. ते कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढतात आणि झाड पिवळं पडतं.

भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं तर हवा संपते आणि ॲझोटोबॅक्टर थांबतो. तिथे बोद (झाडाच्या ओळीचा मातीचा उंचवटा) उंच करा, ड्रीप थोडा वेळ पण वरचेवर चालवा. युरियाचे मोठे हप्ते पडले तर तो नत्र जमवायचं काम बंद करतो, कारण आयतं मिळत असताना कष्ट कोण करणार? स्फुरदाचंही तसंच आहे. जुन्या बागांत वर्षानुवर्षं डीएपी टाकून स्फुरद भरपूर साठलेला असतो. अशा बागेत परीक्षण पाहून स्फुरद थोडा कमी केला तर पीएसबीला कामाला वाव मिळतो. पहिल्याच वर्षी खत तोडू नका.

नवी लागवड करणार असाल तर मात्र खर्च सगळ्यात कमी आणि लाभ सगळ्यात जास्त. गुटी कलमाची पिशवी लावण्यापूर्वी आठ दिवस आधी, दहा लिटर पाण्यात प्रत्येक जिवाणूची पाव किलो पावडर ढवळून प्रत्येक पिशवीला पेलाभर ओता. खड्ड्यातल्या शेणखतात ढिगातलं एक किलो मिसळा. रोपाची पहिली मुळी बाहेर पडतानाच जिवाणू तिच्यावर बसतात आणि जुन्या रहिवाशांशी झगडावं लागत नाही.

झालं का काही, हे कसं कळणार?

बागेत मध्यावरच्या दोन ओळी जिवाणूंशिवाय ठेवा. पाणी, खत, फवारणी सगळं तेच, आणि साधं शेणखत दोन किलो जास्त, म्हणजे फरक शेणखताचा की जिवाणूंचा ही शंका उरणार नाही. दुसऱ्या डोसनंतर २० ते २५ दिवसांनी दोन्हींकडच्या पाच-पाच झाडांच्या ड्रीपरखाली हाताने वीतभर उकरा. पांढरी, लसलशीत, फाटे फुटलेली मुळी किती आणि तपकिरी किती, एवढंच पाहा. गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी आहे, त्याचा इलाज वेगळा. तोडणीला दोन्हींकडची फळं ओळीप्रमाणे वेगळी मोजा आणि तोला. कडेची झाडं धरू नका. त्यांना वारा, ऊन आणि बांधाच्या पलीकडून येणारं पाणी जास्त मिळतं, त्यामुळे आकडा चुकतो.